वेम्बली : कमान, घोडा आणि दरवाजे

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे लंडनला सव्वा महिना राहणे झाले. तिचे घर हॅरोच्या बाजूला असल्यामुळे शहरात जाता-येता रेल्वेच्या खिडकीतून वेम्बली स्टेडियमची पांढरी कमान दिसत असे आणि शेवटी एके दिवशी तिकीट काढून मी ते स्टेडियम आतून पाहून आलो. माझी सगळी नोकरी पाण्याच्या टाक्या आणि लहान पूल बांधण्यात गेली आणि तरुणपणी नाशिकरोडच्या मुरमाड मैदानावर मी राइट बॅक म्हणून गुडघे फोडून घेतले, त्यामुळे बांधकाम आणि फुटबॉल या दोन्ही अंगांनी पाहिलेले इथे सविस्तर लिहावे असे वाटले.

वेम्बलीविषयी लिहिणारे बहुतेक जण कमानीपासून सुरुवात करतात. कमान भव्य आहेच, पण या जागेचा खरा इतिहास माणसे आत कशी घेतली आणि बाहेर कशी काढली याचा आहे, असे माझे मत झाले. नाशिककरांना तो लवकर कळावा, कारण दर सिंहस्थाला आपल्या गावालाही तेच गणित मांडावे लागते.

मूळ जागेवर एक मनोरा उभा राहायचा होता. एडवर्ड वॉटकिन नावाच्या रेल्वे कंपनीच्या प्रमुखाने पॅरिसच्या आयफेल टॉवरपेक्षा उंच मनोरा बांधून लोकांना आपल्या गाड्यांनी तिथे आणण्याचा बेत केला. १८९६ मध्ये पहिला मजला लोकांसाठी खुला झाला, पण पाया खचू लागला, पैसा संपला, आणि १९०७ पर्यंत ते अपुरे काम पाडून टाकण्यात आले. पुढे शंभर वर्षांनी नव्या स्टेडियमसाठी मैदान खाली घेताना त्या मनोऱ्याच्या पायाचे काँक्रीट सापडले. ज्याने पायाची कामे केली आहेत त्याला जुन्या माणसाचे काम असे अचानक हाती लागते तेव्हा काय वाटते, हे मी सांगायला नको.

त्याच टेकाडावर १९२४ च्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनासाठी स्टेडियम बांधण्याचे ठरले. जॉन सिम्पसन आणि मॅक्सवेल एअर्टन हे वास्तुविशारद, ओवेन विल्यम्स हे अभियंते, आणि काम अवघ्या ३०० दिवसांत, साडेसात लाख पौंडांत पूर्ण. सळई घातलेले काँक्रीट त्या काळी नवलाईचे होते आणि दर्शनी बाजूचे दोन पांढरे मनोरे हीच पुढची ८० वर्षे इंग्लिश फुटबॉलची ओळख ठरली.

प्रदर्शनाच्या आदल्या वर्षी, २८ एप्रिल १९२३ रोजी, इथे पहिला सामना झाला. एफए कप या इंग्लिश क्लबांच्या बाद फेरीच्या स्पर्धेचा अंतिम सामना, बोल्टन वाँडरर्स विरुद्ध वेस्ट हॅम युनायटेड. स्टेडियमची क्षमता सव्वा लाखाच्या आसपास असल्यामुळे ते भरणारच नाही या समजुतीने बहुतेक प्रवेश दारावर पैसे घेऊन ठेवला होता. दुपारी पावणेदोनला दरवाजे बंद करावे लागले, तरी लोक भिंतींवरून, कठड्यांवरून आत येत राहिले. अधिकृत आकडा १,२६,०४७ आहे. प्रत्यक्षात दोन लाखांहून अधिक माणसे आत असावीत असा अंदाज सांगितला जातो. पायऱ्यांवर जागा उरली नाही तेव्हा माणसे मैदानावर उतरली, कारण पुढे सरकण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. मागून रेटा आला की पुढचा माणूस स्वतःच्या पायाने चालत नसतो, ही गोष्ट गर्दीत सापडलेल्या कोणालाही ठाऊक असते.

मग पोलिसांच्या घोड्यांनी मैदान मोकळे केले. त्यांतला बिली हा घोडा करड्या रंगाचा होता, पण त्या काळच्या कृष्णधवल चित्रफितीत तो पांढराशुभ्र दिसतो, म्हणून त्या सामन्याला पांढऱ्या घोड्याचा अंतिम सामना हे नाव पडले. घोडेस्वार जॉर्ज स्कोरी याने लोकांना एकमेकांचे हात धरायला लावले आणि घोड्याच्या नाकाने हळूहळू ढकलत रांग सीमारेषेपर्यंत मागे नेली. सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला, दुसऱ्याच मिनिटाला डेव्हिड जॅकने गोल केला, आणि मध्यंतरात खेळाडूंना गर्दीतून खोलीपर्यंत जाता येईना म्हणून ते मैदानातच थांबले. बोल्टनने सामना २-० असा जिंकला. पुढच्या वर्षापासून अंतिम सामन्याला आगाऊ तिकिटाशिवाय प्रवेश बंद झाला.

प्रदर्शन संपल्यावर स्टेडियम पाडले जाण्याची वेळ आली होती. प्रदर्शनात सिगारेटच्या टपरीवर काम केलेल्या आर्थर एल्विन यांनी पुढे तिथल्या ओस इमारती पाडून भंगार विकण्याचा धंदा केला आणि १९२७ मध्ये स्टेडियमच विकत घेतले. तिथे त्यांनी कुत्र्यांच्या शर्यती सुरू केल्या आणि त्या उत्पन्नावर फुटबॉलचे मंदिर तगले. मात्र शर्यतीच्या धावपट्टीमुळे प्रेक्षक मैदानापासून लांब राहिले, आणि छपराचे खांब डोळ्यांसमोर येत ते वेगळेच.

१९५३ मध्ये हंगेरीने इथे इंग्लंडला ६-३ असे हरवले. १९६६ चा विश्वचषक अंतिम सामना सर्वांना माहीत आहे. इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा जो चेंडू गोलच्या आडव्या दांडीवर आदळून खाली आला, तो रेषेच्या आत होता की बाहेर, यावर आजही वाद होतो. ती लाकडी दांडी आता स्टेडियममध्ये मांडून ठेवली आहे. मी तिच्याखाली बराच वेळ उभा होतो. आपल्या शाळेच्या मैदानावर असायच्या तशीच ती एक साधी, पांढरा रंग दिलेली लाकडी दांडी आहे.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. तिच्या बळींची संख्या आज ९७ मानली जाते. बाहेर गर्दी तुंबली म्हणून एक दरवाजा उघडला गेला, पण आत येणारा लोंढा आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांकडे जाऊ नये याची व्यवस्था झाली नाही, आणि पुढे लोखंडी जाळी होती. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने मोठ्या मैदानांवर उभे राहून पाहण्याच्या जागा काढून सर्वत्र आसने बसवण्यास सांगितले. वेम्बलीची क्षमता त्यामुळे ८० हजारांच्या आसपास आली. जुन्या वास्तूतला शेवटचा सामना ७ ऑक्टोबर २००० रोजी पावसात झाला. डिटमार हामानच्या गोलने जर्मनीने इंग्लंडला १-० असे हरवले आणि २००३ मध्ये ते दोन मनोरेही पाडले गेले.

नव्या स्टेडियमबद्दल प्रश्न आले तर प्रतिसादांत लिहीन, नाहीतर धागा फार लांबेल.

देवळाली_गोलरक्षक

लेख फार आवडला. वेम्बलीशी आपले एक नाते आहे, ते इथे नोंदवून ठेवतो. १२ ऑगस्ट १९४८ रोजी याच मैदानावर भारताच्या हॉकी संघाने ग्रेट ब्रिटनला ४-० असे हरवून स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवले. बलबीर सिंग यांनी त्यांत दोन गोल केले. ज्यांच्या साम्राज्याच्या प्रदर्शनासाठी ती इमारत उभी राहिली, त्यांच्याच संघाला तिथे हरवून आपला ध्वज वर गेला, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्याच ऑलिम्पिकमध्ये आपला फुटबॉल संघ इलफर्डच्या मैदानावर फ्रान्सविरुद्ध १-२ असा हरला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते.

काका, आता कमानीचे सांगा. ती केवळ शोभेची आहे असे माझा भाचा म्हणतो.

गंगापूररोडकर

आपल्या भाच्याला सांगा की ती कमान काढली तर छप्पर खाली येईल. तिचा गाळा ३१५ मीटर आणि उंची १३३ मीटर आहे, आणि ती उत्तरेकडच्या प्रेक्षकागाराच्या डोक्यावर तिरकी उभी आहे. उत्तर बाजूचे सगळे छप्पर आणि दक्षिण बाजूच्या छपराचा सुमारे ६० टक्के भार तारदोरांनी तिच्यावर टांगलेला आहे. छपराचे वजन दोर ओढून वर नेतात, कमान ते दाबाच्या रूपाने दोन टोकांकडे पाठवते, आणि तिथून ते खोल पायांत उतरते. या खटाटोपाचे कारण एकच आहे, की प्रेक्षकाच्या आणि चेंडूच्या मध्ये एकही खांब येऊ नये. जुन्या वेम्बलीत खांबामागचे तिकीट मिळालेल्या माणसाला गोल दिसत नसे, फक्त आरडाओरडा ऐकू येत असे.

कमानीची जाळीदार नळी सात मीटर व्यासाची आहे. ती जमिनीवर आडवी जोडली गेली आणि २००४ च्या जूनमध्ये टप्प्याटप्प्याने उभी केली गेली. आम्ही वीस-बावीस मीटरचे गर्डर बसवताना दिवसभर पाणीसुद्धा घशाखाली जात नसे, त्यामुळे ते काम करणाऱ्यांची स्थिती मी कल्पू शकतो. नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने आणि एचओके स्पोर्ट या संस्थेने मिळून हा आराखडा केला. खर्च ८० कोटी पौंडांच्या घरात गेला आणि मुदतही हुकली. नव्या स्टेडियममधला एफए कपचा पहिला अंतिम सामना १९ मे २००७ रोजी झाला, त्यात द्रोग्बाच्या गोलने चेल्सीने मँचेस्टर युनायटेडला हरवले.

आसने ९० हजार आणि स्वच्छतागृहांतील शौचकूपे २,६१८. मार्गदर्शकाने हा दुसरा आकडा सांगितला तेव्हा गटातले काही जण हसले, पण मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटला. मध्यंतर १५ मिनिटांचे असते, आणि तेवढ्या वेळात हजारो माणसे उठून, जिना उतरून, रांगेत उभी राहून परत जागेवर आली पाहिजेत. ते जमले नाही तर मार्गिका तुंबतात आणि धोका तिथूनच सुरू होतो.

जेलरोड

गवताबद्दल कोणी लिहील का? मी शाळेच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. आमचे मैदान काळ्या मातीचे आहे. एप्रिलमध्ये बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, जुलैमध्ये त्याच मातीत बूट अडकून पाय मुरगळतात. वर मुरूम टाकून दाबला की भेगा थांबतात, पण मग मुलांची कोपरे सोलवटून निघतात. एवढ्या श्रीमंत स्टेडियमला गवताची अडचण कधी आली नसेल.

गंगापूररोडकर

आली, आणि चांगली नाचक्की होईपर्यंत आली. २००७ नंतरच्या पहिल्या तीन वर्षांत तिथले गवत दहा वेळा तरी नव्याने अंथरावे लागले. उंच प्रेक्षकागारांमुळे ऊन आणि वारा खालपर्यंत पुरेसा पोहोचत नव्हता, आणि फुटबॉलशिवाय इतर कार्यक्रमांसाठीही मैदान वापरले जात होते. खेळाडू घसरत, पायाखालची गवताची ढेकळे उचकटून येत. छपराचा काही भाग मागे सरकवता येतो तो गवताला ऊन मिळावे म्हणूनच. पाऊस आला तर आसने झाकली जातात, खेळपट्टीचा मधला भाग मात्र उघडाच राहतो.

२०१० मध्ये त्यांनी संमिश्र पद्धत घेतली. यात गवत खरेच असते, पण यंत्राने दर दोन सेंटिमीटरवर कृत्रिम धागे सुमारे २० सेंटिमीटर खोल टोचलेले असतात. गवताची मुळे त्या धाग्यांना वेढून धरतात, त्यामुळे बुटाने माती उखडत नाही. आपल्या मळ्यात तारेवर चढवलेली द्राक्षवेल डोळ्यांसमोर आणा, फक्त जमिनीच्या खाली.

इथे नाशिकमध्ये ते परवडणार नाही हे खरे, पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडच्या मोठ्या मैदानांवर जे बर्म्युडा गवत लावतात ते म्हणजे आपल्या हरळीचेच कूळ आहे. बांधावरची हरळी काढता काढता शेतकरी हैराण होतो, एवढी ती चिवट. काळ्या मातीवर खडीचा आणि वाळूचा निचऱ्याचा थर देऊन, वर पोयटा आणि वाळू मिसळून हरळी लावली, आणि पहिले तीन-चार महिने मुलांना तिच्यावर जाऊ दिले नाही, तर आपल्या मैदानाचे रूप पालटेल. आपण तयार असाल तर उतार आणि चर यांचा नकाशा मी काढून देईन. त्यासाठी एक रविवार पुरे.

मखमलाबाद_नाका

मी १९९७ साली बँकेच्या नोकरीत कोलकात्यात होतो, म्हणून हा प्रतिसाद. १३ जुलै १९९७ रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर फेडरेशन कप या भारतीय क्लबांच्या स्पर्धेचा उपांत्य सामना झाला, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. अधिकृत उपस्थिती १,३१,७८१. त्या हंगामात मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या डायमंड व्यूहरचनेची शहरभर चर्चा होती, पलीकडे पी. के. बॅनर्जी होते. ईस्ट बंगालने ४-१ असा विजय मिळवला आणि भायचुंग भुतियाने तीन गोल केले.

मी तिसऱ्या मजल्यावर बसलो होतो. तिथून खेळाडूंचे चेहरे दिसत नव्हते, पण गोल झाला की पायाखालचे काँक्रीट थरथरते हे मला प्रथमच कळले. तेच स्टेडियम २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी नव्याने सजले तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र आसन मिळाले, आणि अंतिम सामन्याला, जिथे इंग्लंडने स्पेनला ५-२ असे हरवले, ६६,६८४ प्रेक्षक होते. म्हणजे क्षमता जवळपास निम्मी झाली. मला त्याचे वाईट वाटते. एक लाख तीस हजार माणसांचा आवाज पुन्हा कधी ऐकायला मिळणार नाही. वेम्बलीच्या जुन्या प्रेक्षकांनाही असेच वाटत असेल. सुरक्षिततेच्या नावाखाली आपण काहीतरी मोठे गमावले आहे का?

पंचवटीची_लेक

मखमलाबादकर दादा, आपल्या भावनेचा आदर ठेवून असहमती नोंदवते.

माझे माहेर रामकुंडापासून चालत पाच मिनिटांवर आहे. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक भाविक गेले, तेव्हा मी कॉलेजात होते. २०१५ मध्ये मी स्वयंसेवक म्हणून उभी राहिले. तेव्हा घाट वाढवले होते, येण्याचा आणि जाण्याचा मार्ग वेगळा केला होता, आणि आम्हाला एकच गोष्ट घोकून दिली होती, की कोणालाही उलटे फिरू द्यायचे नाही.

एक प्रसंग सांगते. पहाटे चारच्या सुमारास उतारावर एका आजींची चप्पल निघाली. त्या थांबल्या आणि वाकल्या. त्यांच्या मागचे चौघे थांबले, त्यांच्या मागचे वीस जण पुढच्यांच्या पाठीवर आले, आणि दहा पावलांवर असलेल्या मला ती लाट येताना दिसली. आम्ही दोघींनी आजींना काखेत धरून उचलले आणि कडेला घेतले. चप्पल तिथेच राहिली. आजी माझ्यावर रागावल्या, त्यांच्या लेकाने नुकतीच घेऊन दिलेली होती. ती लाट मी पाहिली आहे, म्हणून एक लाख तीस हजारांच्या आवाजापेक्षा मला ६६ हजार माणसे घरी पोहोचलेली आवडतील.

काका, एक विचारते. वेम्बलीने एवढे सगळे शिकून घेतल्यावर २०२१ मध्ये तिथे पुन्हा गोंधळ झाला, तो कसा?

गंगापूररोडकर

ताई, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. आपण विचारलेलाच प्रश्न मी तिथे उभा असताना मलाही पडला होता.

११ जुलै २०२१ रोजी युरो स्पर्धेचा इटली विरुद्ध इंग्लंड हा अंतिम सामना होता. कोरोनाच्या निर्बंधांमुळे ९० हजारांपैकी सुमारे ६७ हजार जागाच भरायच्या होत्या. म्हणजे आत रिकाम्या जागा आहेत हे बाहेरच्या प्रत्येकाला माहीत होते. १९२३ मध्ये जागा उरतील असे आयोजकांना वाटले होते. या वेळी तसे वाटणारे लोक बाहेर होते. सकाळपासून दारू पिऊन हजारो बिनतिकिटवाले स्टेडियमभोवती जमले आणि नंतर लुईस केसी यांनी केलेल्या चौकशीनुसार सुमारे दोन हजार जण आत घुसले.

ते घुसले कुठून, हे सर्वांत वाईट आहे. फिरत्या खांबांच्या दारातून एका वेळी एकच माणूस जातो, तिथे लोंढ्याचे बळ चालत नाही. म्हणून त्यांनी रुंद दरवाजे हेरले, आणि रुंद दरवाजे होते ते चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या प्रेक्षकांसाठी. अपंग प्रेक्षकासाठी दार उघडले की त्याच्या पाठोपाठ घुसायचे, प्रसंगी त्याला बाजूला ढकलून. दयाबुद्धीने केलेली सोय हीच तटबंदीतली फट ठरली.

अहवालातला एक मुद्दा मी विसरू शकत नाही. सामना संपण्याआधी लोकांना बाहेर सोडण्यासाठी दरवाजे उघडावेच लागतात, आणि इंग्लंड जिंकले असते तर त्या क्षणी आणखी सुमारे सहा हजार लोक उलट दिशेने आत घुसण्याच्या बेतात होते. ताई, तुम्हाला घोकून दिलेले तेच उलटे फिरणे. इंग्लंड पेनल्टींवर हरले, पाऊस पडत होता, आणि गर्दी पांगली. वर्षभराने, ३१ जुलै २०२२ रोजी, त्याच मैदानावर महिलांच्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना ८७,१९२ प्रेक्षकांनी पाहिला. इंग्लंडच्या मुलींनी जर्मनीला २-१ असे हरवले, आणि सारे सुरळीत पार पडले.

मखमलाबादकर, आपल्या प्रश्नालाही उत्तर देतो. आवाज कमी झाला हे मान्य आहे, पण क्षमतेचा आकडा आसनांवर ठरत नाही, तो जिन्याच्या रुंदीवर ठरतो. इतक्या मिनिटांत इतकी माणसे बाहेर पडली पाहिजेत असे आधी ठरवायचे आणि मग मागे मोजत यायचे. एका सामन्याच्या संध्याकाळी मी वेम्बली पार्क स्थानकाबाहेर उभा राहून पाहिले. स्टेडियमकडून येणारा रुंद रस्ता माणसांनी भरला होता आणि कर्मचारी त्यांना तुकड्या-तुकड्यांनी स्थानकात सोडत होते. एक तुकडी फलाटावरून गाडीत चढली की मगच पुढची. रस्त्यावर कितीही गर्दी असो, जिन्यावर गर्दी होऊ द्यायची नाही.

देवळाली_गोलरक्षक

काका, त्या घोड्याचे पुढे काय झाले?

गंगापूररोडकर

स्टेडियमजवळ रेल्वेमार्गावरून जाणारा एक पादचारी पूल आहे, त्याला लोकांच्या मताने व्हाइट हॉर्स ब्रिज असे नाव दिले आहे. मी परतताना त्यावरूनच गेलो. बिली १९३० मध्ये मेला आणि त्याचा एक खूर घासून-पुसून स्कोरीला भेट म्हणून देण्यात आला. फुटबॉल संघटनेने स्कोरीला पुढच्या अंतिम सामन्यांची तिकिटे देऊ केली होती, पण त्याला फुटबॉलची आवड नव्हती, त्यामुळे तो पुन्हा कधी गेला नाही.

जेलरोडच्या सरांना : आपल्या मैदानाची लांबी-रुंदी आणि पावसाचे पाणी कोणत्या कोपऱ्यात साचते ते व्यक्तिगत निरोपात कळवावे.